बॅडमिंटनमधील दुहेरीचा खेळाडू

बॅडमिंटन हा खेळ शहरांतील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. चाळीच्या चौकांत, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारांत दोरी बांधून सुटीच्या दिवसांत मुलें तो खेळतात. आणि जागा थोडी व खेळणारे फार अशी स्थिति असल्यामुळें बहुधा चौघेजण मिळून खेळतात. म्हणजे घरोघरीं ठाऊक असलेला बॅडमिंटन हा वस्तुतः दुहेरीचाच होय. असें असूनहि या खेळांतील नामांकित भारतीय कोण, असें विचारलें तर जीं नांवें चटकन् ओठांवर येतात तीं प्रकाश पदुकोण, पुल्लेला गोपीचंद, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू अशीं एकेरीच्या खेळाडूंचीं असतात. दुहेरीच्या खेळाडूचें नांव एकटें सहसा कोणी घेत नाहीं. त्याला दुसरें नांव जोडलेलें असतें, आणि तें गळलें तर पहिल्याची ओळख अर्धीच उरते.

ही गोष्ट केवळ बोलण्याच्या सोयीची नाहीं. या खेळाडूचा दर्जा, त्याची मिळकत, त्याचें दुखणें, त्याच्या उमेदीचीं वर्षें, सर्व कांहीं दुसऱ्या एका माणसाशीं बांधलेलें असतें. वकिलाला किंवा वैद्याला सहकारी असतात. पण सहकाऱ्याचा खांदा दुखावला म्हणून कोणी वकिलाची सनद पेटींत ठेवावयास सांगत नाहीं. दुहेरीच्या खेळाडूच्या बाबतींत मात्र नेमकें असेंच घडतें. हा पेशा कसा चालतो तें समजून घेण्यास मुंबईचा चिराग शेट्टी व आंध्र प्रदेशांतील अमलापूरमचा सात्विकसाईराज रंकिरेड्डी या जोडीचें उदाहरण फार उपयोगी आहे. चिरागचा जन्म १९९७ सालचा व सात्विकचा २००० सालचा. म्हणजे दोघांत तीन वर्षांचें अंतर, आणि गांव, भाषा, घरचें वळण हीं सगळीं निराळीं.

प्रथम खेळाकडे पाहूं. त्याच्या मुळाशीं पुण्याचें नांव आहेच. एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत व त्याला ‘पूना’ असेंच म्हणत. पुढें इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांतील ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून आजचें नांव रूढ झालें. कोर्टाची लांबी १३·४० मीटर. एकेरीसाठीं रुंदी ५·१८ मीटर, आणि दुहेरीसाठीं ६·१० मीटर. म्हणजे माणसें दुप्पट झालीं तरी जागा एक मीटरहि वाढत नाहीं. एकेरींत खेळाडूला एकट्यानें सगळें कोर्ट धावून सांभाळावें लागतें. म्हणून तेथें दम, चिकाटी व फूल लांब मारण्याचें कसब यांना महत्त्व. दुहेरींत मोकळी जागा जवळजवळ नसतेच. तेथें प्रश्न धावण्याचा नसून वेळेचा असतो; फूल येतें तें इतक्या जवळून व इतक्या वेगानें कीं विचार करून मारावयास सवडच मिळत नाहीं.

सर्व्हिसचा नियम पाहिला म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. एकेरींत सर्व्हिस कोर्टाच्या शेवटच्या रेषेपर्यंत मारतां येते. दुहेरींत ती रेषा ७६ सेंटिमीटर आंत घेतलेली आहे. त्यामुळें उंच व लांब सर्व्हिस करणाराला तिथेंच शिक्षा होते. प्रतिपक्षी मागें सरकून तिच्यावर स्मॅश हाणतो. म्हणून दुहेरींतील सर्व्हिस ही बहुतेक वेळां जाळीला घासून जाईल अशी, आखूड व नाजूक असते. २०१८ पासून फूल जमिनीपासून १·१५ मीटरच्या खालींच मारलें पाहिजे असा नियम आला; उंच खेळाडूंना त्यानें आपला हात नव्यानें बसवावा लागला. ज्याची ही आखूड सर्व्हिस ऐन वेळीं थरथरते, त्याची बाकीची सारी ताकद वांया जाते. दुहेरीचे मोठे सामने पुष्कळदां या एका इवल्याशा फटक्यावर फिरतात, हें प्रेक्षकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं, कारण टाळ्या पडतात त्या स्मॅशला.

टेबल-टेनिसच्या दुहेरींत दोघांनीं आळीपाळीनें चेंडू मारावा असा दंडक आहे. बॅडमिंटनमध्यें तो नाहीं. सर्व्हिस परतविल्यानंतर दोघांपैकीं कोणीहि, कितीहि वेळां फूल मारावें. हें स्वातंत्र्य दिसावयास सुखाचें, पण खरी अडचण त्यांतूनच उत्पन्न होते. दोघांच्या मधोमध आलेलें फूल कोणाचें? दोघेहि थांबले तर तें जमिनीवर पडतें. दोघेहि धांवले तर रॅकेटीवर रॅकेट आपटते. म्हणून चढाई करतांना एक पुढें जाळीशीं व एक मागें अशी रचना ठेवतात, आणि बचाव करतांना दोघे शेजारीं शेजारीं उभे राहतात. या दोन रचनांमधून एका दमांत कित्येकदां इकडून तिकडे जावें लागतें. मागचा पुढें आला तर पुढच्यानें न पाहतां मागें सरकावयाचें. गवई सम गांठतांना तबलजीकडे पाहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार; आणि तसाच तोहि वर्षानुवर्षें एकत्र बसल्याशिवाय साधत नाहीं.

आतां स्मॅशविषयीं. चौदा एप्रिल २०२३ रोजीं जपानमधील सोका येथें सात्विकनें मारलेल्या स्मॅशचा वेग ताशीं ५६५ किलोमीटर भरला व गिनेसच्या नोंदवहींत तो विक्रम म्हणून लिहिला गेला. त्यापूर्वीचा विक्रम ताशीं ४९३ किलोमीटरचा, मलेशियाच्या तान बून ह्योंगनें २०१३ सालीं केलेला. आणि हे दोघेहि दुहेरीचेच खेळाडू, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पण हा वेग फूल रॅकेटीवरून सुटतें त्या क्षणाचा असतो. बुचाच्या टोपींत सोळा पिसें खोंवलेलें पांच ग्रॅमच्या आसपास वजनाचें तें फूल हवेशीं इतकें झगडतें कीं पलीकडे पोहोंचेपर्यंत त्याचा बहुतेक जोर ओसरतो. शिवाय समोर दोघेजण टपलेले असतात. एका स्मॅशनें गुण मिळेल अशी आशा वरच्या दर्जाच्या खेळांत कोणी धरीत नाहीं. पहिल्या स्मॅशनें प्रतिपक्ष्याचा हात कोंडावयाचा, आणि त्यानें कसेंबसें परतविलेलें फूल जाळीशीं उभ्या असलेल्या जोडीदारानें टिपावयाचें, अशी ती दोघांची मिळून एक कृति असते. प्रेक्षक मागच्याचें कौतुक करतात. जाणते लोक पुढच्याकडे पाहतात.

असे दोघे एकत्र येतात कसे? मैत्रीनें किंवा आवडीनें येत असतील असा समज असतो, पण पेशेवाईक खेळांत बहुधा शिक्षकच त्यांची गांठ घालून देतो. चिरागचे आरंभीचे धडे मुंबईंत, भारताकडून खेळलेले उदय पवार यांच्या हाताखालीं गोरेगांवांत झाले. पुढें तो हैद्राबादला गोपीचंद यांच्या अकादमींत गेला. सात्विकहि तेथेंच होता. दोघांचे जोडीदार वेगळे होते. मलेशियाचे तान किम हेर हे त्या वेळीं भारतीय दुहेरीचे शिक्षक होते. त्यांनीं २०१६ सालीं या दोन उंच मुलांस एकत्र उभें केलें. अडचण अशी कीं दोघांसहि मागें राहून स्मॅश मारण्याचीच संवय. जाळीशीं जाण्यास कोणीच राजी नाहीं. कोणी तरी आपला आवडता खेळ सोडणें भाग होतें. हळूहळू चिरागनें पुढची जागा आपलीशी केली आणि सात्विक मागें राहिला. व्यवहारांतल्या पुष्कळ भागीदाऱ्या जेथें मोडतात तीच ही जागा. येथें ती मोडली नाहीं याचें श्रेय मुलांइतकेंच शिक्षकाचेंहि मानलें पाहिजे.

पेशा म्हणून पाहिलें तर या खेळाचा हिशेब चमत्कारिक आहे. जागतिक संघटनेनें २०१८ पासून वर्षभराच्या स्पर्धांची एक उतरंड लावली. तिच्या माथ्यावर ‘सुपर १०००’, त्याखालीं ७५०, ५००, ३०० व १०० अशा पायऱ्या. मागील बावन्न आठवड्यांतील उत्तम अशा दहा स्पर्धांचे गुण मिळवून क्रमवारी ठरते. मेख अशी कीं दुहेरींत हे गुण माणसाच्या नांवावर नसून जोडीच्या नांवावर लिहिले जातात. जोडीदार बदलला कीं ती नवी जोडी, आणि तिच्या नांवाचें खातें नव्यानें उघडतें. दहा वर्षें घासलेला खेळाडूहि नव्या साथीदाराबरोबर पुन्हां लहान स्पर्धांत, रिकाम्या प्रेक्षागृहांसमोर खेळतांना दिसतो तो यामुळें.

पैशाची बाजूहि तशीच. इंडोनेशिया खुली स्पर्धा ही सुपर १००० दर्जाची. २०२३ सालीं तिची एकूण बक्षिसें साडेबारा लाख डॉलरचीं होतीं. एकेरीच्या विजेत्यास ८७,५०० डॉलर मिळाले; दुहेरीच्या विजेत्या जोडीस ९२,५००. हा आंकडा मोठा दिसतो, पण तो दोघांत वांटावयाचा. म्हणजे प्रत्येकाच्या हातीं एकेरीवाल्याच्या निम्म्याहून थोडें अधिक पडतें. प्रवास, शिक्षक, वैद्य, मालिश करणारा यांचा खर्च मात्र कोणी निम्मा करून देत नाहीं. रॅकेट बनविणाऱ्या कंपन्यांचे करार, संघटनेची व सरकारची मदत, आणि आपल्याकडे सार्वजनिक कंपन्यांतून खेळाडूंस मिळणाऱ्या नोकऱ्या यांवर पुष्कळांचा संसार चालतो. त्यामुळें हाताशीं चांगला मुलगा आला कीं पालक व शिक्षक त्यास एकेरीकडे वळवीत, आणि एकेरींत मागें पडलेल्यांची सोय म्हणून दुहेरी असे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. चीन, इंडोनेशिया, मलेशिया, कोरिया व डेन्मार्क या देशांत दुहेरीचे स्वतंत्र शिक्षक व स्वतंत्र परंपरा कधींच्याच होत्या. भारतांत ही जाणीव उशिरा आली.

याचा अर्थ आपल्याकडे दुहेरीचे चांगले खेळाडू झालेच नाहींत असा नव्हे. सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं एकेरीप्रमाणेंच दुहेरीचेंहि राष्ट्रीय अजिंक्यपद सहा वेळां मिळविलें. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत प्रदीप गंधे व लेरॉय डिसा यांनीं पुरुष दुहेरीचें कांस्यपदक घेतलें. २०११ सालीं लंडनच्या जागतिक स्पर्धेंत ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा यांनीं महिला दुहेरींत कांस्यपदक आणलें. पण हे दिवे एकेकटे लागले व विझले. एकाच्या तेलावर दुसरा पेटला, असें झालें नाहीं.

सात्विक व चिराग यांची चढण २०१८ पासून दिसूं लागते. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल खेळांत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. ऑगस्ट २०१९ मध्यें थायलंडच्या खुल्या स्पर्धेंत चीनच्या ली जुनहुई व लियू युचेन या आदल्या वर्षीच्या जगज्जेत्यांस त्यांनीं तीन डावांत हरविलें. सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी.

यानंतर आलें टोकियोचें ऑलिंपिक. रोगाच्या सांथीमुळें तें एक वर्ष लांबून २०२१ च्या जुलैंत भरलें. दुहेरींत चार चार जोड्यांचे गट, आणि प्रत्येक गटांतून दोन जोड्या पुढें जाणार. पहिल्याच दिवशीं, म्हणजे २४ जुलै रोजीं, गांठ पडली ती चिनी तैपेईच्या ली यांग व वांग ची-लिन यांच्याशीं. पहिला डाव भारताचा २१-१६, दुसरा तैपेईचा २१-१६. तिसरा डाव वीसच्या पुढें गेला आणि एकेका गुणासाठीं झुंज होऊन शेवटीं २७-२५ असा भारताच्या बाजूनें संपला. दोन दिवसांनीं इंडोनेशियाच्या गिडिऑन व सुकामुल्जो या त्या वेळच्या अव्वल जोडीनें त्यांस सरळ दोन डावांत हरविलें. २७ तारखेस इंग्लंडच्या लेन व वेंडी यांच्यावर भारतानें दोन डावांत विजय मिळविला. तीन सामन्यांत दोन विजय. दुसरीकडे ली व वांग यांनीं इंडोनेशियावर मात केली, त्यामुळें तीन जोड्यांचे दोन दोन विजय झाले, आणि निर्णय डावांच्या वजाबाकीवर आला. भारतानें चार डाव जिंकले होते व तीन गमावले होते. इतर दोघांची बाकी याहून बरी निघाली. सात्विक व चिराग दोन सामने जिंकूनहि परत आले. ज्या ली व वांग यांस त्यांनीं २७-२५ असें हरविलें, तेच पुढें सुवर्णपदक घेऊन गेले; त्या सबंध ऑलिंपिकमध्यें त्यांचा पराभव केला तो एका भारतीय जोडीनेंच.

असाच प्रसंग नऊ वर्षांपूर्वी ज्वाला व अश्विनी यांच्यावर आला होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें त्यांनींहि तीनपैकीं दोन सामने जिंकले, आणि गुणांच्या हिशेबांत एका गुणानें त्या मागें राहिल्या. त्याच स्पर्धेंत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून इतर गटांतील चार जोड्यांनीं मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला व त्या आठहि जणींस स्पर्धेबाहेर काढण्यांत आलें. गटवारीची ही पद्धत प्रेक्षकांस अधिक सामने दाखविते हें खरें. पण तिच्यांत कष्टानें जिंकलेला एक सामना वजाबाकींत विरघळून जाऊं शकतो, हा तिचा दोष उघड आहे.

टोकियोच्या सुमारास भारतीय दुहेरीच्या शिक्षणास माथियास बो हे डेन्मार्कचे खेळाडू लाभले. २०१२ च्या ऑलिंपिकमध्यें कार्स्टेन मोगेनसेन याच्याबरोबर त्यांनीं रौप्यपदक मिळविलें होतें. म्हणजे जोडीनें जगणें काय असतें तें त्यांस पुरतें ठाऊक होतें. २०२२ चा आरंभ दिल्लींत झाला. भारताच्या खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत समोर इंडोनेशियाचे मोहम्मद अहसान व हेंड्रा सेतियावान, तीन वेळचे जगज्जेते. भारतानें तो सामना २१-१६, २६-२४ असा जिंकला.

त्याच वर्षीं १५ मे रोजीं बँकॉक येथें थॉमस कपचा अंतिम सामना झाला. हा पुरुषांचा सांघिक जगज्जेतेपदाचा कप. भारतानें तो पूर्वीं कधीं जिंकला नव्हता, आणि समोर इंडोनेशिया, ज्यानें तो चौदा वेळां नेला होता. पहिला सामना लक्ष्य सेननें जिंकून दिला. दुसरा दुहेरीचा, समोर अहसान व सुकामुल्जो. पहिला डाव गेला. दुसऱ्यांत गुण १७-२० असे झाले. आणखी एक गुण गेला असता तर सामना संपला असता व दोन्ही संघांची बरोबरी झाली असती. त्या ठिकाणाहून सात्विक व चिराग यांनीं एकूण चार वेळां सामना ओढून काढला, डाव २३-२१ असा घेतला व तिसराहि २१-१९ असा जिंकला. पुढें किदंबी श्रीकांतनें तिसरा सामना जिंकून कप भारताच्या स्वाधीन केला. वृत्तपत्रांत शेवटच्या विजयाचीं छायाचित्रें मोठीं आलीं. कप हातीं आला तो मात्र त्या चार गुणांच्या उंबऱ्यावरून. त्या संघांत महाराष्ट्राचा असा एक चिरागच होता. जुलै २०२४ मध्यें क्रिकेटचा विश्वचषक जिंकलेल्या मुंबईकर खेळाडूंचा विधानभवनांत सत्कार झाला, तेव्हां थॉमस कपहि विश्वचषकाच्याच तोडीचा असतां राज्यानें त्याची दखल घेतली नाहीं, अशी खंत चिरागनें उघडपणें बोलून दाखविली. ती रास्तच होती.

२०२२ मध्येंच बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्णपदक व टोकियोच्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक त्यांनीं मिळविलें. २०२३ हें वर्ष तर भरभराटीचें. एप्रिलमध्यें दुबई येथें आशियाई अजिंक्यपद. १९६५ सालीं दिनेश खन्ना यांनीं एकेरींत तें मिळविल्यानंतर अठ्ठावन्न वर्षें तें भारताकडे आलें नव्हतें. जूनमध्यें इंडोनेशियाची सुपर १००० स्पर्धा, ज्यांच्याशीं पूर्वीं वारंवार हार खाल्ली त्या मलेशियाच्या ॲरन चिया व सो वुई यिक यांस हरवून. जुलैंत कोरियाची स्पर्धा. ऑक्टोबरमध्यें चीनमधील हांगझो येथें आशियाई खेळांचें सुवर्णपदक. पुरुष दुहेरींत गंधे व डिसा यांच्या कांस्यपदकानंतर एकेचाळीस वर्षांनीं. त्याच महिन्यांत ही जोडी जागतिक क्रमवारींत पहिली झाली. कोणत्याहि भारतीय जोडीस हें स्थान पूर्वीं लाभलें नव्हतें. त्या वर्षाचा खेलरत्न पुरस्कार दोघांस देण्यांत आला.

पॅरिसच्या ऑलिंपिकला ते गेले ते पदक मिळणारच या अपेक्षेचें ओझें घेऊन. १ ऑगस्ट २०२४ रोजीं उपांत्यपूर्व फेरींत समोर पुन्हां चिया व सो. पहिला डाव २१-१३ असा सहज आला. पुढचे दोन १४-२१ व १६-२१ असे गेले. त्यानंतर लवकरच बो यांनीं शिक्षकाचें काम सोडलें.

मग दुखण्यांचे दिवस आले. सात्विकच्या खांद्यामुळें जोडीस कांहीं काळ घरीं बसावें लागलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें त्याचे वडील एकाएकीं वारले. तें दुःख ताजें असतांनाच मार्चमध्यें ते इंग्लंडच्या ऑल इंग्लंड स्पर्धेंत उतरले, आणि तेथें चिरागची पाठ धरल्यामुळें सामना अर्ध्यावर सोडावा लागला. एक धडधाकट असतांहि दुसऱ्याच्या खाटेशीं बसून राहतो, आणि क्रमवारी तोपर्यंत खालीं घसरते. हा या पेशाचा नित्याचा अनुभव. कांहीं जोड्या याच वेळीं फुटतात, कारण ठीक असलेल्यास दुसरा जोडीदार शोधण्याचा मोह होतो व त्यास कोणी नांवहि ठेवीत नाहीं. हे दोघे फुटले नाहींत. २०२५ मध्यें त्यांची गांठ घालून देणारे तान किम हेर हेच पुन्हां भारतीय दुहेरीच्या शिक्षणासाठीं आले.

जोडीदार बदलूनहि मोठी कीर्ति मिळविणारे खेळाडू आहेत. इंडोनेशियाचा टोनी गुनावान यानें २००० सालीं कांद्रा विजयाबरोबर ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें, २००१ सालीं हालिम हर्यांतोबरोबर जागतिक अजिंक्यपद, आणि नंतर अमेरिकेंत जाऊन २००५ सालीं हॉवर्ड बॅकबरोबर पुन्हां जागतिक अजिंक्यपद. तीन जोडीदार, दोन देश. हेंड्रा सेतियावानचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. २००७ चें जागतिक अजिंक्यपद व २००८ चें ऑलिंपिक सुवर्ण त्यानें मार्किस किडोबरोबर मिळविलें. पुढें ती जोडी सुटली, आणि अहसानबरोबर त्यानें २०१३, २०१५ व २०१९ अशीं तीन जागतिक अजिंक्यपदें जिंकलीं. त्याचा स्मॅश कधींच जगांत पहिला नव्हता. जाळीशीं त्याचा हात जणूं कांहीं घाईच नाहीं अशा रीतीनें फिरे, आणि फूल नेमकें तेथें पडे जेथें कोणी नाहीं. म्हणूनच एकेरीचे खेळाडू ज्या वयांत रॅकेट ठेवतात त्या वयांत तो जिंकत राहिला. बासेल येथें २०१९ चें अजिंक्यपद त्यानें मिळविलें तो २५ ऑगस्टचा दिवस त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवसाचाच होता. चाळिसाव्या वर्षीं, २०२५ च्या जानेवारींत, तो व अहसान यांनीं एकत्रच खेळाचा निरोप घेतला.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पॅरिस येथें, जेथें ऑलिंपिकचें पदक हुकलें त्याच प्रेक्षागृहांत, जागतिक स्पर्धा भरली. उपांत्यपूर्व फेरींत सात्विक व चिराग यांच्यापुढें पुन्हां चिया व सो हेच उभे राहिले. या खेपेस सामना दोन डावांतच संपला, २१-१२, २१-१९, भारताच्या बाजूनें. उपांत्य फेरींत चीनच्या चेन बोयांग व लियू यी यांनीं त्यांस तीन डावांत हरविलें, आणि दोघांच्या गळ्यांत जागतिक स्पर्धेचें दुसरें कांस्यपदक पडलें. चिराग त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि सात्विक पंचवीस.